अर्थिंगचं पाणी

पातूर
रविवार, दुपार

प्रिय हर्षे,

तुझी लग्नपत्रिका पोचली. बाबांनी ती आधी देवाजवळ ठेवली, मग चष्मा शोधून वाचली, मग पुन्हा देवाजवळ ठेवली. सोबतची तुझी चिठ्ठी मात्र मला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितली. त्यात तू लिहिलंस की लग्नाच्या दिवशी नवरदेवाची नवी इलेक्ट्रिक गाडी फुलं लावून अमरावतीहून निघेल, वाशीमपर्यंतचा पल्ला लांबचा आहे, तर वाटेत आमच्याकडे थांबून ‘फक्त तासभर’ चार्जिंगला लावली तर चालेल का, काकांना विचारून कळव. खाली एक हसरा चेहरा काढलास.

विचारलं काकांना. त्यांनी उत्तर दिलं आहे आणि ते कळवायलाच हे पत्र लिहिते आहे. पण माझं तुला माहीत आहे. तूच म्हणायचीस ना, दामिनीला किती वाजले विचारलं तर ती घड्याळ कुठून घेतलं तिथून सुरू करते. तर आज तसंच समज. फोनच केला असता. पण फोनवर तू हसतेस, आणि तू हसलीस की मला जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. शिवाय तुझा आवाज हल्ली कुठल्या गाडीत वाजत असेल, काय भरवसा?

पहिले तर अभिनंदन, बाई. नवरा चांगला आहे आणि गाडी त्याच्याहून चांगली आहे. तू तिच्यात अजून फारशी बसलीही नसशील. मी तिला एक अख्खी दुपार पाहिली आहे, म्हणून दोन शब्द सांगते, संसारात कामाला येतील. त्या गाडीत पेट्रोलचा काटा नसतो, टक्के असतात, आणि नव्यानं गाडी घेतलेल्या माणसाला टक्क्यांशिवाय दुसरं काही दिसत नाही. जेवताना तो ताटाकडे कमी आणि मोबाइलवरच्या टक्क्यांकडे जास्त बघतो. सासूबाईंनी एसी वाढवला की त्याचं तोंड उतरतं, पण बोलायची हिंमत होत नाही. घाट चढताना टक्के सपासप खाली येतात आणि उतरताना थोडे परत मिळतात; हे सांगताना त्याचा चेहरा असा खुलतो की आपल्यालाही आनंद होतो. आणि एक नीट ऐकून ठेव. घरच्या प्लगवर तासाभरात काही होत नाही गं. सात-आठ टक्के, बस. दुपारचं ऊन कलेपर्यंत गाडी लावून ठेवावी लागते. तुला हे तुझ्या नवरदेवानं, अश्विननं, सांगितलंच असेल. तरी तू ‘तासभर’ लिहिलंस, कारण तासभर म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही. होस्टेलवर माझी इस्त्री तू पाच मिनिटांसाठीच न्यायचीस, आणि मी सुरकुतलेला ड्रेस घालून प्रॅक्टिकलला जायचे.

अमरावतीचं ते होस्टेल आठवतं ना? बाबा महिन्यातून एकदा एसटीनं यायचे, पिशवीत दोन डबे घेऊन. एक माझा, एक ‘हर्षीचा’. तुझ्या डब्यात तूप जास्त असायचं, कारण बाबांच्या मते तू वाळकी होतीस आणि मी खात्यापित्या घरची. वॉचमन त्यांना आत सोडायचा नाही, तर फाटकातूनच ओरडायचे, आमची गिरणीवाल्यांची घरगुती भाषा म्हणजे ओरडणंच, “हर्षे, येवढा डबा संपव मा, अर्धा फेकू नोको!” तुला लाज वाटायची नाही. मला वाटायची. तू पळत जाऊन त्यांच्या पाया पडायचीस आणि ते अख्खा रस्ता त्याच आनंदात पातूरला परत यायचे. दिवाळीच्या सुट्टीत तू आमच्याकडे राहायला आलीस तेव्हा त्यांनी तुला अख्खी गिरणी फिरून दाखवली. मोटार कुठे आहे, पट्टा कसा चढवतात, मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा कुठे आहे, त्यात मीठ-कोळसा का घालतात. तू मान डोलवून सगळं ऐकलंस. ते नंतर मला म्हणाले, “तुह्यापेक्षा या पोरीले जास्त गोडी हाय.”

माझ्या डाव्या हाताची दोन बोटं त्याच पट्ट्यानं नेली, मी लहान होते तेव्हा, ते तुला वेगळं सांगायला नको. तू माझ्या नखांना पॉलिश लावून द्यायचीस आणि म्हणायचीस, “दामिनी, तुझी बाटली मस्त पुरते गं!” दुसरं कोणी असं बोललं असतं तर त्याच्या थोबाडीत दिली असती. तुझ्यावर मला हसू यायचं. कारण एक गोष्ट होती. होस्टेलवर गेले तेव्हा सुरुवातीला मला झोपच यायची नाही. घरी पहाटे गिरणी सुरू झाली की त्या घरघरीवर माझी उरलेली झोप पुरी व्हायची. तिथल्या शांततेत मी टक्क जागी. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, लोक येडी म्हणतील म्हणून. तुला सांगितलं. तू हसली नाहीस. तुझी गादी माझ्या गादीजवळ ओढलीस आणि मला झोप लागेपर्यंत तोंडानं घर्र घर्र आवाज काढत राहिलीस. तेवढ्या एका गोष्टीवर मी तुला नंतर सगळं माफ करत आले. इस्त्री, नोट्स, माझा मोरपंखी दुपट्टा जो आजही तुझ्याकडे आहे, सगळं.

आता या चैत्रातल्या त्या रविवारचं सांगते. तू त्यावर फोनवर “काय योगायोग गं!” एवढंच बोललीस आणि मी “हो ना” म्हटलं. नीट सांगायचं राहूनच गेलं.

मनकर्णाबाईंचा, म्हणजे आता तुझ्या सासूबाईंचा, बाबांना फोन आला. तुमच्या मुलीचा बायोडाटा आमच्याकडे पोचला आहे, मुलगा अमरावतीला बँकेत आहे, रविवारी पाहायला येतो. बायोडाटा कोणाकडून पोचला, ते बाबांनी विचारलं नाही. आमच्यासारख्यांनी असलं विचारायचं नसतं, आलेल्या फोनला हात जोडायचे असतात. मी एकतिशी ओलांडलेली, अकोल्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते, डावा हात पदराखाली ठेवून फोटो काढते. गेल्या वर्षभरात आमच्या दारात कोणी पाहुणा फिरकला नव्हता. पण फोन ठेवता ठेवता त्या बाई एक वाक्य बोलल्या आणि आमच्या घरात दिवाळी झाली. त्या म्हणाल्या, आम्ही जेवायलाच येतो.

तुला वेगळं सांगायला नको, तू काही परदेशातली नाहीस. आपल्याकडे मुलगी पाहायला आलेले लोक पोहे खातात, चहा पितात आणि ‘कळवतो’ म्हणून उठतात. पसंती झाल्याशिवाय मुलीच्या घरच्या ताटावर कोणी बसत नाही. जेवतो म्हटलं म्हणजे मनातून हो झालं. बाबांची बहीण, माझी मैनाआत्या, तिनं तर फोन स्वतःच्या कानानं ऐकल्याशिवाय विश्वासच ठेवला नाही, बाबांना परत फोन लावायला लावला आणि “पुरणाचं चालन नं जी?” असं विचारून खात्री करून घेतली. शनिवारपासून तिनं पुरण शिजवायला घेतलं. मी अबोली साडी काढली. मनातल्या मनात काय काय काढलं ते सांगत नाही.

गाडी आली दुपारी, बिनआवाजाची. आम्ही सगळे रस्त्याकडे कान लावून बसलो होतो आणि ती फाटकात येऊन उभी राहिली तरी कळलं नाही. गल्लीतलं कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. चाकाला लिंबू-मिरची, काचेवर स्वस्तिक, सीटांवरचं प्लास्टिक अजून तसंच. अश्विन, मनकर्णाबाई आणि त्यांचे भाऊ, तिघं उतरले. आणि हर्षे, पाणी प्यायच्या आधी, मुलीला बोलवायच्या आधी अश्विननं विचारलं, “काका, पॉवर प्लग कुठं आहे?” घाट चढायचा आहे, थोडी गाडी लावतो म्हणाला. घाट चढून पुढे कुठे जायचं आहे, ते त्यानं सांगितलं नाही. बाबांना वाटलं, पाहुणे हक्कानं मागून राहिले. हक्क कोणाकडे दाखवतात? सोयऱ्याकडे. त्यांनी गिरणीतला प्लग दाखवला. गिरणी आणि गाडी एकदम चालवली तर व्होल्टेज पडेल, म्हणून गिरणी बंद केली. रविवारी गिरणीवर किती गर्दी असते तू पाहिलं आहेस. गहू-ज्वारीचे डबे रांगेत ठेवलेले, बाया ओट्यावर बसलेल्या. बाबा त्यांना म्हणाले, “आज गिरनी बंद बाप्पा, पोरीचं जमून राहिलं.” सगळ्या बाया डबे उचलून, मला पाहत, हसत घरी गेल्या. तासाभरात गल्लीला कळलं. घरातला कूलरसुद्धा बंद केला, लाईन सगळी गाडीला मिळावी म्हणून. त्या उन्हात.

तरी ती गाडी काही वीज घेईना. चार्जरवर लाल दिवा. अश्विन वायर काढे, परत लावे, परत लाल. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. अर्थिंग नीट नाही म्हणाला. बाबा म्हणाले, खड्डा कोरडा झाला असेल, उन्हाळ्यात होतो, ओल गेली की अर्थिंग लागत नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, सरळ घरातून कळशी भरून आणली आणि मागच्या अंगणातल्या खड्ड्यात ओतली. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ आठवड्यातून एकदा येतो, आंघोळीचं पाणी आम्ही झाडाला घालतो, आणि ती प्यायच्या पाण्याची कळशी होती. दिवा हिरवा झाला. अश्विननं टाळी वाजवली. मग दर थोड्या वेळानं खड्डा सुके, दिवा लाल होई, आणि बाबा कळशी घेऊन जात. धोतराचा सोगा खोचून, कपाळावरून घाम गळतोय, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जशी वरातच दारात आली.

मग आम्हां दोघांना बोलायला बाहेर कडुनिंबाखाली बसवलं. आता तो तुझा नवरा, मी ‘ते’ म्हणायला हवं. पण त्या दिवशी माझ्या मनात तो ‘तो’ होता, तसाच लिहिते, राग मानू नकोस. आजवर आलेल्या पोरांनी मला विचारलं होतं, स्वयंपाक येतो का, नोकरी सोडाल का, आणि एकानं, हात कामाला अडत नाही ना. अश्विननं हाताकडं नुसतं पाहिलं. मग चार्जिंगची बंदूक, म्हणजे वायरच्या टोकाची ती मूठ, धरायला दिली आणि जड आहे, दोन्ही हातांनी धरा एवढंच म्हणाला. मी पदराबाहेर हात काढला. मग त्यानं विचारलं, “तुम्हाला गिरणीच्या आवाजाचा त्रास होत नाही? की तो नसला तर झोप येत नाही?”

हर्षे, खोटं कशाला बोलू, मला तो त्या क्षणी आवडला. इतका आवडला की मी त्याला सगळं सांगितलं. पट्ट्याचं, पहाटेच्या झोपेचं, लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज फिरतं तेव्हा मला घरी असल्यासारखं कसं वाटतं, तेसुद्धा. एकतीस वर्षांत कोणा पुरुषाला माझं असं काही विचारायचं सुचलं नव्हतं. मी इतकं बोलले की आत्यानं खिडकीतून डोळे मोठे केले. तो ऐकत होता, मधूनमधून मोबाइलवर टक्के पाहत होता. मला वाटलं, लाजतो.

जेवणं झाली. बाबांनी आग्रह करकरून वाढलं, अश्विनच्या मामासाहेबांना तर हात आडवा करून “पुरे जी, मेलो” म्हणावं लागलं. तुपाची वाटी मनकर्णाबाईंनी दोनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर मामांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकला, गाडीत मागं बसून काच खाली करून दोन-चारदा थुंकले आणि मग येऊन ओसरीवरच्या बाजेवर घोरायला लागले. घरात कूलर बंद, म्हणून मनकर्णाबाई गाडीत जाऊन एसी लावून बसल्या. वीज आमची, थंडावा त्यांचा. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात तसं. पण मला तेव्हा तेही गोडच वाटलं. म्हटलं, होणाऱ्या सासूबाई आहेत, घामाघूम कशाला व्हाव्यात. कैरीचं पन्हं केलं, बर्फ टाकला आणि ट्रे घेऊन मी स्वतः गाडीकडं निघाले.

तुझ्या गाडीची ही शेवटची गोष्ट, ती नीट लक्षात ठेव. पेट्रोलची गाडी उभी ठेवून एसी लावला तर इंजिन घरघरतं, आतलं बोलणं बाहेर येत नाही. ही गाडी मुकी असते. फोन लावला की तो गाडीच्या स्पीकरवर वाजतो. आणि मामांनी थुंकायला उघडलेली मागची काच तशीच राहिली होती.

मनकर्णाबाई म्हणत होत्या, “अव, दिवा सारखा लाल होते, बुढा मेला पानी वाहू वाहू. सांज लोक पोचतोच वाशीमले, सुपारी फोडाची तयारी ठेवा. जेवन मात्र झ्याक होतं हो, तुम्ही म्हटलं तसंच.” पलीकडून एक बाईमाणूस हसलं. मग म्हणालं, “मी सांगितलं होतं ना आई, नुसतं गाडी लावू द्या म्हटलं असतं तर चहावर भागवलं असतं. मुलगी पाहायला आलो म्हटलं की पंचपक्वान्नं करतात. काका फार भोळे आहेत.” मनकर्णाबाई म्हणाल्या, “अन् तो हात! अश्विनले म्हटलं, दोन गोष्टी इचार, नाही तं शंका येईन.” पलीकडचं म्हणालं, “गिरणीच्या झोपेचं विचारलं ना त्यांनी? मीच सांगितलं होतं. तेवढं विचारलं की ती खुलते, मग तुम्हाला काही बोलावंच लागत नाही. जाऊ द्या आई, हल्ली तिला पाहायला कोणी येत नाही. तेवढाच एक दिवस बरा गेला तिचा.”

मी ट्रे घेऊन उभी होते. गिरणीची गोष्ट जगात एकाच माणसाला माहीत होती, हर्षे. आवाज ओळखायचीसुद्धा गरज नव्हती, पण तू ‘आई’ म्हटलंस तेव्हाच मी तो ओळखला होता. घर्र घर्र काढणारा गळा माणूस विसरत नाही.

मी काय केलं असेल सांग? आरडाओरडा? वायर उपटून फेकली? नाही. गाडीपलीकडे कमरेएवढ्या भिंतीमागं बाबा खड्ड्याशी उभे होते, हातात भरलेली कळशी. ते क्षणभर तसेच थांबले होते, मग त्यांनी पाणी ओतलं. मी मनात देवाचे आभार मानले की जन्मभर गिरणीत राहून त्यांचे कान गेलेले आहेत, त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते. त्यांना काही कळता कामा नये, एवढंच डोक्यात होतं. मी काचेवर टकटक केली. तुझ्या सासूबाईंनी घाईघाईनं फोन बंद केला, पन्ह्याचा घोट घेतला आणि म्हणाल्या, “साखर कमी झाली वाटते.” मी आत जाऊन साखर आणली. ढवळूनही दिली, याच डाव्या हातानं.

ऊन कलल्यावर ते निघाले. आत्यानं मनकर्णाबाईंची खणानारळानं ओटी भरली. बाबांनी अश्विनच्या हातात नारळ दिला. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि लगेच टक्क्यांकडं पाहिलं. “कळवतो,” म्हणाला. त्याचाही मला राग येत नाही. तो तुझाच माणूस आहे, सांगितलेलं विचारणारा. तुझं त्याच्याशी छान जमेल.

त्या दिवशी संध्याकाळीच तू मला फोटो पाठवलेस. तू, अश्विन, मधे मनकर्णाबाई, आणि तुमच्या हातातल्या ताटात आमच्याच घरचा नारळ. आत्यानं त्याच्या शेंडीला लाल दोरा बांधला होता, त्यावरून ओळखला. खाली लिहिलंस, “सरप्राइज! अगं, हे लोक आज तुझ्याकडे थांबले होते म्हणे, काय योगायोग!” मी अभिनंदन लिहिलं. बाबांना सांगितलं, त्यांचं वाशीमला ठरलं, हर्षाशी. त्यांनी रिकामी कळशी पालथी घातली. मग म्हणाले, “बरं झालं. आपल्याच पोरीचं झालं.” पुढं दोन महिने गल्लीतली प्रत्येक बाई दळण आणताना विचारायची, “काहून जी, जेवून गेले नं? मंग?” बाबा गिरणी सुरू करायचे. आवाजात उत्तर द्यावं लागायचं नाही.

तुझ्याशी मी फोनवर बोलत राहिले. शालूचा रंग विचारला, मेंदी कुठून आणणार विचारलं. तुला वाटलं असेल, दामिनी म्हणजे शेण आहे, कुठेही लावा, बसते. मला फक्त बाबांची काळजी होती. त्यांच्या दोन मुली होत्या, त्यातली एक अशी निघाली हे त्यांना या वयात कळू नये, म्हणून मी तुझ्याशी हसत होते. तुझ्यासाठी नाही. तुझ्यासाठी माझ्याकडे आता काहीच नाही गं, दुपट्टासुद्धा तूच ठेव. तुझी चिठ्ठी वाचून दाखवतानाही मी ठरवलं होतं की काहीतरी बहाणा सांगून टाळायचं, प्लग जळाला म्हणायचं, आणि लग्नाला ताप आल्याचं सांगून घरी राहायचं.

पण चिठ्ठी वाचून झाली आणि बाबा म्हणाले, “लिही तिले, गाडी लाव म्हना. पावन्याले नाही म्हनाची आपल्या घरची रीत नाही. लाईन देतो, गिरनी बंद ठेवतो. पन खड्ड्यात पानी मी नाही टाकत. हर्षीनं यावं अन् टाकावं. तिले मालूम हाय खड्डा कुठी हाय, म्याच दाखवला.” मी म्हटलं, बाबा, लग्नाच्या दिवशी नवरी वाशीमहून पातूरला पाणी टाकायला कशी येईल? त्यांनी पत्रिका देवाजवळून उचलली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली, तुला परत पाठवायला. ती या पत्रासोबत आहे. म्हणाले, “ते तिचं ती पाहीन. तिले सांग, भोळा हाओ मी, बयरा नाही.” तर हे उत्तर, हर्षे. कळशी भरून खड्ड्याजवळ ठेवते.

तुझीच होती ती,
दामिनी